बकूचा विक्रम, अक्काचं नाव

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात, खिडकीपाशी जी बाई एका पायावर उभी राहून चहा पिते, तिला गिऱ्हाइकं रफूताई म्हणतात. घरचे तिला बकू म्हणतात, आणि त्या नावाचा या पायाशी संबंध आहे.

तिच्या लहानपणी घरात एकच गेम होता. हातात मावणारा, करड्या रंगाचा, पडद्यावर वरून विटा पडतात आणि खाली त्या नीट रचायच्या, असा. तो आधी थोरलीच्या, म्हणजे अक्काच्या हातात जायचा आणि तिथेच राहायचा. धाकटी शेजारी उभी राहून आपल्या पाळीची वाट पाहायची. पाळी काही येत नसे. मग ती या पायावरून त्या पायावर जायची आणि शेवटी एकाच पायावर स्थिरावायची, मान पुढे, नजर खाली, तळ्याकाठच्या बगळ्यासारखी. वडील म्हणाले, "हा बघा आमच्या घरातला बक." बकाची बकू झाली ती कायमची. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, चष्म्यावर आणखी एक भिंग लावल्याशिवाय सुई ओवता येत नाही, पण कुठल्याही गोष्टीची वाट पाहायची वेळ आली की एक पाय आपोआप वर जातो.

रफूच्या कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. कोटाला कसर लागो, शालीला उंदीर चावो, कुणाच्या बाहीवर ठिणगी पडो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागा उपसते आणि भोकावर असं विणते की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारतं, "होतं कुठे हो ते?" बकू म्हणते, "मलाही आता सापडत नाही." हे खोटं असतं. तिला आपलं प्रत्येक भोक ठाऊक असतं.

तिच्या कामाची एक पद्धत आहे. कडेचा जुना, विरलेला धागा ती आधी कापत नाही. नवा धागा त्याच्या अंगाला अंग लावून आत घालते, दोघांना थोडं अंतर बरोबर चालू देते, आणि नव्याने कापड धरलंय असं बोटांना कळलं की मगच जुन्याला कात्री. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तर तो गेम. गेल्या वर्षी अक्काने घर आवरलं आणि तो एका पिशवीत घालून पाठवून दिला. सोबत निरोप: "भंगारात घालणार होते. तुला हवा तर ठेव." बकूने मोठे सेल घातले, बटण दाबलं आणि विक्रमांची यादी उघडली. यादीत तीन ओळी मावत, आणि तिन्ही ओळींत अक्का. ते यंत्र नावाची तीनच अक्षरं घ्यायचं, तीही इंग्रजी, म्हणून 'ए, के, ए'. पहिली ओळ त्या जगप्रसिद्ध विक्रमाची, ज्याच्या शेवटी दोन सत्ते होते आणि जो अक्काला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. दुसरी ओळ अगदीच किरकोळ, अक्का गोवर अंगावर असताना खेळली होती तेव्हाची, आणि तिसरी त्याहूनही कमी.

आणि ही तिन्ही नावं टाकली होती बकूने. कारण जिंकल्यावर अक्का यंत्र पुढे करायची, बोटांवर फुंकर मारायची आणि राणीसारखं फर्मान सोडायची, "टाक गं माझं नाव, बोटं दुखली माझी." बकूला यंत्र हातात मिळायचं ते एवढ्याचपुरतं. ती अगदी मन लावून नाव टाकायची.

म्हणून मग ती खेळायला लागली. जेवणाच्या सुट्टीत, खिडकीपाशी, एका पायावर. सुरुवातीला विटा नुसत्या अंगावर यायच्या. हळूहळू तिला त्यांच्यात कापडाचे उभे-आडवे धागे, ताणा आणि बाणा, दिसायला लागले, आणि मग काय, खेळ म्हणजे रफूच की! भोक दिसलं की भरायचं.

एका दुपारी तिने दोन सत्ते ओलांडले.

ती जी किंचाळली, त्याने इस्त्रीवाला दचकला, त्याचा पाय वाफेच्या पेडलवर दाबला गेला आणि दुकानभर धुकं झालं. टांगलेले कोट भुतांसारखे धूसर झाले. त्या धुक्यात यंत्राने टुंग टुंग करत विचारलं: नाव? आणि बकूचे अंगठे, ज्यांनी जन्मात एकच नाव टाकलं होतं, भराभर चालले. ए. के. ए. दाबलं.

वाफ विरली. इस्त्रीवाला खांद्यावरून डोकावला. "ताई, अभिनंदन! पण हे 'ए के ए' कोण?"

बकूने पडदा उजेडात धरला आणि ती तीन अक्षरं पुन्हा वाचली.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला.

"अक्का, तुझा विक्रम मोडला."

"कुणी?"

"मी."

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मग, "फोटो पाठव." बकूने पाठवला. लगेच फोन वाजला.

"यात तर माझं नाव आहे."

"ते चुकून टाकलं गं मी. सवयीने."

"नाव माझं म्हणजे विक्रम माझा."

"आकडा बघ ना! तुझा दोन सत्तेवाला खाली सरकलाय. दुसरा!"

"फोटोतला आकडा काय, कुणीही बदलेल. बकू, मी जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासलीत. रोज कुणीतरी मला पासाचा फोटो दाखवतं. तेव्हा मी काय म्हणते?"

"मूळ दाखवा," बकू पडेल आवाजात म्हणाली.

"हं. मूळ दाखव. शनिवारी संध्याकाळी येते."

"अक्का, मी साक्षीला आहे!" मागून बकूचे यजमान ओरडले. ते पोहायला शिकवतात, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जाईल असाच निघतो.

"मेहुणे, तुम्ही तेव्हा पाण्यात होतात," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

आता कुणी म्हणेल, एका जुन्या खेळण्याचं एवढं काय! पण बकूला विक्रम नको होता, एक शब्द हवा होता. 'जिंकलीस.' हा शब्द अक्काच्या तोंडून तिने कधीच ऐकला नव्हता. पत्त्यांत ती जिंकली तेव्हा अक्का म्हणाली, पानं बरी आली तुला. पळण्यात जिंकली तेव्हा, माझी चप्पल सैल होती. लग्न ठरलं तेव्हासुद्धा अक्का नवऱ्या मुलाकडे बघून बकूला म्हणाली होती, नशीब काढलंस. तर आता कशी निसटते बघू, असं म्हणत बकू शनिवारची वाट पाहू लागली. अर्थातच एका पायावर.

आणि गुरुवारी यंत्राच्या कोपऱ्यात बॅटरीचं एक इवलंसं चित्र लुकलुकायला लागलं.

तिने मोठे सेल बदलले. चित्र लुकलुकतच राहिलं. तेव्हा ती यंत्र घेऊन समोरच्या गाळ्यात गेली. तिथे घड्याळवाले काका बसतात. भिंतीवर लावलेली त्यांची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, आणि काका सगळ्यांकडे सारख्याच निराशेने पाहतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चार बारीक स्क्रू काढून बशीत ठेवले आणि यंत्राचं पोट उघडलं.

"ही बघा." आत कोटाच्या बटणाएवढी एक चपटी बॅटरी होती, दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी खालच्या पाटीला कथिलाने सोल्डर केलेली. "तुमचे मोठे सेल पडदा आणि आवाज चालवतात. आठवण सांभाळते ती ही एकटी." त्यांनी मीटरच्या दोन सुया तिला टेकवल्या आणि जिभेने च्यक् केलं.

"किती दिवस आहेत, काका?"

"आज रात्री जाईल, नाहीतर महिनाभर रेंगाळेल. मी काय सांगणार? म्हाताऱ्या बॅटरीचं खरं नसतं."

"मग बदलून टाका ना!"

"बदलतो की. असली मागवावी लागेल, शनिवारी दुपारपर्यंत येईल. पण ताई, ही काढली की आतली आठवण पुसली. यंत्र कोरं करकरीत. यादीत नुसती शून्यं."

बकूच्या डोळ्यांपुढे अक्का उभी राहिली. हातात यंत्र, नाकावर चष्मा. पडद्यावर शून्य, शून्य, शून्य. अक्का हसत नाहीये. अक्का तिच्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तशी बघतेय.

ती परत आपल्या जागी गेली आणि एका कोटाची बाही पुढ्यात ओढली. कोपराजवळ कापड विरलं होतं. तिने सुई घातली, नवा धागा जुन्याच्या कडेने आत सरकवला, पुन्हा एकदा, आणखी एकदा. मग कात्री उचलली. आणि कात्री तशीच हवेत राहिली.

पुढच्या क्षणी ती समोरच्या गाळ्यात होती, दातांत सुई, गळ्यात टेप, हातात तो कोट.

"काका, जुनी काढूच नका!"

"आधी ती सुई काढा तोंडातून, माझा जीव घाबरा होतो. काढू नको तर बदलू कसं?"

"आधी नवी जोडा. दोघींना थोडा वेळ बरोबर चालू द्या. मग जुनी कापा. आठवणीला कळलंसुद्धा नाही पाहिजे, धागा कधी बदलला ते."

काकांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं. मग पुन्हा लावलं. "नवीला दोन तारा लावून त्या पाटीवर टेकवून धरल्या, तर..." ते पुटपुटले. "होईल. होईल की! पण धरणार कोण? माझ्या एका हातात सोल्डरिंगची सळई, दुसऱ्यात चिमटा."

"मी धरीन."

"हात हलला तर?"

बकूने नुसती कोटाची बाही वर करून दाखवली. काकांनी ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "भोक होतं कुठे?"

शुक्रवारभर बकूने दर थोड्या वेळाने यंत्र चालू करून नाडी पाहिली. रात्री यजमान म्हणाले, "अगं, सारखं उठवू नकोस त्याला, विश्रांती घेऊ दे." मग दोघांनी मिळून ते एका मऊ रुमालात गुंडाळलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन दोघांना हसू फुटलं.

शनिवारी दुपारी नवी बॅटरी आली. यजमान तलावावरून थेट आले, गळ्यात शिट्टी, केस ओले. ते उत्साहाने म्हणाले, "एक तार मी धरतो." काकांनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पाण्यात राहून राहून ती मनुकांसारखी झाली होती आणि एका नखावरून थेंब लोंबत होता.

"पाणी?" काका क्षीण आवाजात म्हणाले. "माझ्या टेबलावर?"

यजमानांच्या हाती टॉर्च आला.

बकूने एका हातात लाल तार धरली, दुसऱ्यात काळी, आणि दोन्ही आपापल्या जागी टेकवल्या. "एकमेकींना लागू देऊ नका," काका म्हणाले, "लागल्या की खेळ खलास." त्यांनी तापती सळई जवळ आणली आणि यंत्र गुळगुळीत टेबलावर सुर्रकन सरकलं. बकूने कोपराने अडवलं. पुन्हा सरकलं. यंत्र धरायला हात हवा होता, आणि कोरडे हात संपले होते.

"काय चाललंय? कुणी गेलंय का?"

दारात अक्का उभी होती. खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा. ती संध्याकाळी यायची होती, पण तिकीट तपासनीस सांगितलेल्या वेळी येतो कधी?

"अक्का, पिशवी टाक आणि ही काळी तार धर!" बकू ओरडली.

"नमस्कार नाही, चमत्कार नाही..."

"आधी धर!"

अक्काने पिशवी टाकली, बाही सरसावली आणि तार दोन्ही हातांनी धरली. बकूच्या मोकळ्या झालेल्या हाताने यंत्राची मान पकडली. काकांनी कसलीही ओळखपाळख न विचारता सळई टेकवली. जुन्या बॅटरीची पट्टी तापू लागली, कथिल चमकलं आणि एक पांढरा धूर उठला. तो सरळ वर गेला. सरळ वर अक्काचं नाक होतं.

"बकू," अक्का म्हणाली, "मी ही सोडली तर काय होईल?"

"तुझे विक्रम जातील. माझाही जाईल."

"म्हणजे मला कुणी हरवलं होतं, हे कुणालाच कळणार नाही."

"नाही."

अक्का विचारात पडली. बकूने यंत्रावरून नजर उचलून तिच्या बोटांकडे पाहिलं. तारेवर दाबून दाबून नखांची टोकं पांढरी झाली होती.

"तसं नाही विचारत मी," अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला शिंक येतेय."

"दाबून धर!"

"कशाने? नाकाने नाक धरू?"

"अक्का, श्वास बाहेर!" यजमान गरजले. भिंतीवरची घड्याळं हादरली. "पूर्ण सोडा! आता नाकाने घ्यायचा नाही, तोंडाने घ्या. मान पाण्याखाली!"

"पाणी कुठंय?"

"समजा!"

अक्काने समजलं. तिचे गाल फुगले, डोळे बाहेर आले. यजमानांनी टॉर्च दातांत धरला आणि आपल्या ओल्या, सुरकुतलेल्या दोन बोटांनी मेहुणीचं नाक चिमटीत पकडलं. जन्मभर अख्ख्या बसला गप्प करणारी अक्का माशासारखी तोंड उघडमीट करत उभी राहिली.

आणि बकूला हसू आलं.

ते आतून, पोटाच्या तळापासून आलं, लहानपणी पाहुण्यांसमोर यायचं तसं. तिने ओठ चावले. अक्काने ते पाहिलं आणि तिच्याही खांद्यांना उकळी फुटली.

"हसू डकोस गं," अक्का बंद नाकाने म्हणाली.

"तू बोलू नकोस!"

"बी कुठे बोलतेय!"

"दोघींना हसायचं असेल तर तसं सांगा," काका म्हणाले, "मी दुकान बंद करून घरी जातो." पण त्यांचा हात थांबला नव्हता. जुन्या बॅटरीची एक पट्टी सुटली. दुसरी सुटली. चिमट्याने ती टुक करून बाहेर आली आणि बशीत पडली. आता यंत्राची सगळी आठवण दोन बहिणींच्या बोटांत होती. काकांनी लाल तारेवर कथिलाचा थेंब ठेवला, मग काळीवर. फुंकर मारली.

"सोडा."

कुणीच सोडलं नाही.

"अहो, लागली! सोडा!"

बकूने सोडलं, अक्काने सोडलं, यजमानांनी नाक सोडलं, आणि मग अक्काने शिंक सोडली. बशी उडाली. चार स्क्रू आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या डबीतले सगळे सगेसोयरे गाळ्याच्या कानाकोपऱ्यांत विखुरले. काका लोहचुंबक घेऊन टेबलाखाली गेले.

बकूने यंत्र चालू केलं. पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. मग टुंग वाजलं आणि यादी आली. तीन ओळी, तिन्ही भरलेल्या, तिन्हीत ए के ए. कोपऱ्यातलं लुकलुकणारं चित्र नाहीसं झालं होतं. यजमानांनी शिट्टी फुंकली.

"गप्प बसा, मेहुणे," अक्का म्हणाली. "तपासणी चालू आहे."

तिने चष्मा पुसला. यंत्र उजेडाकडे वळवून तिकिटावर ठेवावा तसा अंगठा पडद्यावर ठेवला आणि खालून वर आली. "हा गोवराचा. हा माझा, दोन सत्ते." अंगठा पहिल्या ओळीवर थांबला. तिने आकडा मनातल्या मनात वाचला. पुन्हा वाचला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"आता इथे दुसरं कोण आहे?"

"नाव तर तुझं आहे," बकू म्हणाली. तिला सोडायचं नव्हतं. "कुणाचा, ते सांग ना."

अक्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. बकूचा एक पाय वर गेला होता.

"तुझा गं, बक्या. जिंकलीस." आणि लगेच, "आता पाय खाली ठेव, माणसं बघतायत."

बकूने पाय खाली ठेवला. तिने अक्काची पिशवी उचलून दुसरीकडे ठेवली, मग पुन्हा पहिल्या जागी ठेवली.

"पण हे असं चालायचं नाही," अक्का म्हणाली. "प्रवासी एक, तिकीट दुसऱ्याच्या नावावर. असलं मी जन्मात चालवून घेतलं नाही. काका, नाव बदला."

"बदलता येत नाही," टेबलाखालून आवाज आला. "नव्याने खेळायचं, यादीत यायचं, मगच नाव."

"दे इकडे."

अक्का गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. विटा पडू लागल्या. तिने जीभ दातांत धरली, खांदे उचलले, प्रत्येक विटेला नावं ठेवली. पण बोटं म्हातारी झाली होती आणि विटा होत्या तितक्याच तरण्या. बघता बघता भिंत वरपर्यंत चढली आणि खेळ आटोपला. यंत्राने जरा विचार केल्यासारखं केलं आणि टुंग टुंग वाजवलं. गोवराच्या आकड्याला तिने जेमतेम मागे टाकलं होतं.

नाव?

अक्काने यंत्र पुढे केलं आणि बोटांवर फुंकर मारली. "टाक गं..."

बकूचे अंगठे निघालेच. ए. के.

चापट बसली. "तुझी बोटं आहेत की पाळलेले पोपट? दे!" अक्काने यंत्र ओढून घेतलं, टाकलेली अक्षरं पुसली आणि स्वतःच्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा, अक्षरं शोधायला लागली. बी सापडला. के सापडला. यू मात्र कुठे दडून बसला होता कोण जाणे, ती पुन्हा पुन्हा त्याच्या पुढे जायची आणि परत यायची.

"अक्का, पण हा डाव तू खेळलीस," बकू म्हणाली.

"मग? तुझ्या डावावर नाही का माझं नाव?" यू सापडला. दाबलं. "घे. झाली फिटंफाट."

यादी आली. सगळ्यात वर बकूने मिळवलेलं अक्काच्या नावावर, सगळ्यात खाली अक्काने मिळवलेलं बकूच्या नावावर, आणि मधे दोन सत्ते. बकू त्या तळच्या तीन अक्षरांकडे बघत राहिली. आपल्या नावाची अक्षरं तिला वाटलं होतं त्यापेक्षा गोल होती.

"आता तरी दे," ती हात पुढे करून म्हणाली. "माझी पाळी."

"थांब गं जरा. हा स्टूल हलत होता, नाहीतर..." अक्काने पुन्हा बटण दाबलं. "हा एकच."

विटा पडू लागल्या. बकू शेजारी उभी राहून पाहू लागली. थोड्या वेळाने ती या पायावरून त्या पायावर गेली.